विज्ञानावरचा विश्वास कसा कमवावा : नाशिक जिल्ह्यातील शिक्षक आणि कार्यकर्त्यांसाठी मार्गदर्शक

नाशिक जिल्ह्यातील लोकांचा विज्ञानावर विश्वास नाही, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे आहे. निफाड-दिंडोरीकडचा द्राक्ष बागायतदार माती, पाणी आणि देठाची तपासणी करून घेतो; निर्यातीचा माल फवारणीच्या औषधांच्या अवशेष तपासणीच्या अहवालाशिवाय हलत नाही हे त्याला माहीत असते; आणि छाटणीनंतर कितव्या दिवशी कोणती फवारणी घ्यायची, हे त्याला तोंडपाठ असते. तोच बागायतदार कधी हवामानाच्या अंदाजावर हसतो, पाण्याला पावडरचा वास आला की हंडा ओतून देतो आणि गर्भवती सुनेला ग्रहणात सुरी हातात धरू देत नाही. वरवर विसंगत दिसणाऱ्या या वागण्यामागे एक साधे कारण आहे. जिथे त्याने स्वतः मोजून, वापरून, नफा-तोटा पाहून विज्ञान अनुभवले, तिथे त्याचा विश्वास बसला. जिथे त्याला फक्त निष्कर्ष ऐकवण्यात आले, तिथे बसला नाही.

पुढे सुचवलेले सर्व काम याच एका गोष्टीवर उभे आहे. लोकांच्या हातात पडताळणीचे साधन द्यावे, ते कुठे कमी पडते हेही सांगावे, आणि निकाल आपल्या विरोधात गेला तरी तो सर्वांसमोर मांडावा. संविधानाच्या ५१ क (ज) कलमाने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. १९७६ सालच्या दुरुस्तीने आलेले हे कलम शाळेच्या फलकावर लिहिलेले असते. ते पार पाडण्याची रीत मात्र क्वचितच शिकवली जाते.

पहिली पायरी : शंका नेमकी कोणती आहे ते शोधा

‘विज्ञानाविषयी जागृती’ असा कार्यक्रम आखू नका, कारण तो कुणाच्याच प्रश्नाला उत्तर देत नाही. गावातली किंवा वॉर्डातली एकच शंका निवडा आणि बोलण्याआधी निदान पंधरा-वीस जणांचे ऐकून घ्या. प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारा : हे तुम्ही कुठे ऐकले, तुमचा स्वतःचा अनुभव काय, आणि आम्ही सांगतो ते खोटे निघाले तर तुमचे काय नुकसान होईल. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण त्याच्या उत्तरातून माणसाची भीती कळते आणि त्या भीतीला उत्तर दिल्याशिवाय पुढची सगळी माहिती वाया जाते.

मिळालेली उत्तरे साधारण चार प्रकारची असतात. काहींना माहितीच नसते. तिथे समजावून सांगणे पुरते. काहींचा अनुभव वाईट असतो, म्हणजे लस घेतल्यावर मूल रात्रभर तापले आणि तापाची शक्यता आधी कुणी सांगितली नव्हती. तिथे आधी तो अनुभव खरा आहे हे मान्य करावे लागते. काहींना सांगणाऱ्याच्या हेतूची शंका असते. आणि काहींना वाटते की हे मान्य केले तर आपल्या श्रद्धेला बाध येईल. या चारही जणांना एकच पत्रक वाटणे ही या क्षेत्रातली सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. आपण माहिती ओतत राहतो आणि शंका जागच्या जागी राहते.

दुसरी पायरी : कोण बोलणार आणि कुठे

पोलिओचा धडा आपल्याच जिल्ह्यातला आहे. मालेगावात डोसाला नकार देणारी कुटुंबे होती आणि २०१० साली तिथे पोलिओचे रुग्णही आढळले. नकार देणाऱ्या घरांपर्यंत पोचताना स्थानिक डॉक्टर आणि धर्मगुरू यांची मदत घ्यावी लागली. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताचा समावेश असलेला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. लस तीच होती. ती घेऊन दारात उभे राहणारे माणूस कोण, यावर दार उघडणे अवलंबून होते.

म्हणून बाहेरून तज्ज्ञ आणण्याआधी गावातल्या आशाताई, अंगणवाडी सेविका, कृषी सहायक, शाळेतले सर आणि बाई, पाणीपुरवठ्याचे काम पाहणारा जलसुरक्षक यांना एकत्र बसवा. तज्ज्ञाने यांना तयार करावे आणि लोकांशी यांनी बोलावे. भाषाही त्यांचीच हवी : बागलाणात अहिराणी, पेठ-सुरगाण्याकडे कोकणी, मालेगावात उर्दू. प्रमाण मराठीतले उत्तम भाषण सुरगाण्याच्या पाड्यावर अर्धेच पोचते, आणि न समजलेल्या अर्ध्या भागात माणूस स्वतःची भीती भरतो.

जागा म्हणून वेगळा मंडप घालण्याची गरज नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा, आठवडे बाजार, बचत गटाची बैठक आणि शाळेची पालकसभा या ठिकाणी लोक आधीच आलेले असतात. शहरात १८४० सालापासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आहे आणि मे महिन्यात गोदाघाटावर भरणारी वसंत व्याख्यानमाला आहे. अशा ठिकाणी भाषणाइतकाच वेळ प्रश्नांसाठी राखून ठेवा आणि पहिला प्रश्न महिलांच्या बाजूने घ्या. तसे न केल्यास बहुतेक सभांत त्यांचे प्रश्न येतच नाहीत.

तिसरी पायरी : पडताळणी लोकांच्या हातात द्या

सुरुवात पाण्यापासून करा, कारण त्याचा निकाल डोळ्यांसमोर लागतो. टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पावडर टाकल्यावर पाण्याला वास येतो आणि ‘औषध टाकलेले पाणी नको’ म्हणून लोक उघड्या विहिरीकडे वळतात. यावर व्याख्यान देण्याऐवजी ग्रामपंचायतीकडचे ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीचे, म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासण्याचे किट चौकात आणा.

नळाचे पाणी परीक्षानळीत खुणेपर्यंत भरा, किटवर लिहिलेले ऑर्थोटोलिडीनचे थेंब घाला, नळी हलवा आणि लगेच रंगपट्टीशी जुळवून पाहा. पाण्यात मोकळा क्लोरीन असेल तर काही सेकंदांत पिवळसर छटा येते. क्लोरीन जितका जास्त तितका पिवळा रंग गडद. उशिरा चढणारा रंग मोकळ्या क्लोरीनचा धरू नये, म्हणून वाचन तत्काळ घ्यायचे. दुसऱ्या नळीत विहिरीचे पाणी घेऊन तीच कृती करा. ते रंगहीन राहिले म्हणजे त्यात जंतूंना रोखणारे काही नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला असावा. तो ‘उरलेला’ असणे म्हणजे काय, हे इथे थांबून समजवा : टाकलेल्या क्लोरीनपैकी काही भाग जंतू आणि घाण यांच्यावर खर्च होतो, आणि जो शिल्लक राहतो तो नळापासून हंड्यापर्यंतच्या वाटेवर पाण्याची राखण करतो. येणारा हलका वास त्या राखणीचा असतो. ज्या बाईने पाणी ओतून दिले होते तिच्याच हातात नळी द्या आणि तिलाच रंग जुळवू द्या. थेंब मात्र मोठ्या माणसानेच घालावेत, हाताला लागू देऊ नयेत आणि तपासलेले पाणी कुणी पिऊ नये, कारण ऑर्थोटोलिडीन विषारी आहे.

याच्या जोडीला जिवाणूंसाठी हायड्रोजन सल्फाइडच्या बाटलीची चाचणी घ्या. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायची. पाणी काळे पडले तर त्यात मैलाजन्य जिवाणू असण्याची दाट शक्यता असते. विहीर, हातपंप आणि नळ अशा तीन बाटल्या शाळेच्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या पाहायला मुलांबरोबर पालकही येतात. चाचणी झाली की काळ्या पाण्यात टीसीएलचे द्रावण घालून मगच ते फेकायचे.

आता या पायरीतला अवघड भाग. या दोन्ही चाचण्या काय सांगत नाहीत, हे त्याच चौकात, त्याच आवाजात सांगा. काळी न पडलेली बाटली म्हणजे पाणी सर्वार्थाने निर्दोष, असे नाही. द्राक्ष-टोमॅटोच्या पट्ट्यात खतांतून विहिरीत उतरणारे नायट्रेट या बाटलीला दिसत नाही. त्यासाठी नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. मर्यादा सांगितल्याने माणूस बिथरेल, अशी भीती कार्यकर्त्यांना वाटते. प्रत्यक्षात मर्यादा लपवली आणि ती पुढे उघडी पडली, तर चाचणीबरोबर आपणही खोटे ठरतो.

गोदावरीच्या पाण्याविषयी बोलताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. भाविकाला गोदामाई पवित्र आहे. पावित्र्य मोजण्याचे आपल्याकडे साधन नाही आणि ते मोजायला आपण आलेलो नाही. त्या पाण्यात जिवाणू किती आहेत, हे मात्र मोजता येते आणि ते पोटात गेल्यावर काय होते हेही सांगता येते. हे दोन प्रश्न एकत्र केले की वाद जिंकूनही माणूस हरवतो.

चौथी पायरी : अनिश्चितता लपवू नका, ती वाचायला शिकवा

हवामानाचा अंदाज ‘चुकतो’ ही तक्रार आपल्या जिल्ह्यात दोन कारणांनी तीव्र आहे. पहिले कारण नुकसानीचे : द्राक्षाच्या मण्यांत पाणी भरत असताना झालेला अवकाळी पाऊस किंवा गारपीट अख्खा हंगाम घेऊन जाते. दुसरे कारण भूगोलाचे : इगतपुरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर येवला-नांदगावकडे तो पाचशे-सहाशेच्या घरात असतो. ‘नाशिक जिल्ह्याला यलो अलर्ट’ हे एक वाक्य इतक्या वेगवेगळ्या गावांना ऐकू जाते, आणि ज्याच्या शेतात थेंब पडला नाही तो अंदाज खोटा ठरवून मोकळा होतो.

म्हणून आधी बातमीपत्राची भाषा शिकवा. हवामान खात्याच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या पर्जन्यमापक केंद्रांपैकी फार तर पंचवीस टक्के ठिकाणी, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के आणि ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे त्याहून अधिक. ‘मुसळधार’ हाही ढोबळ शब्द नाही. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ती पातळी सुरू होते. तुरळक ठिकाणी पावसाचा अंदाज असताना आपले गाव कोरडे राहिले, तर अंदाज चुकला असे त्यातून सिद्ध होत नाही, हे इथे लक्षात येते.

यानंतर गावाचा स्वतःचा पर्जन्यमापक बनवा. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून तो उलटा नरसाळ्यासारखा बसवा, तळाचा वेडावाकडा भाग पाण्याने भरून तिथे शून्याची खूण करा आणि वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाड आणि भिंत यांच्यापासून दूर, उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला वाचन घ्या. हवामान खात्याची नोंदीची वेळही तीच आहे. वाचन झाले की पाणी पुन्हा शून्याच्या खुणेवर आणा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी, म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर. हा हिशेब शेतकरी बाप आपल्या मुलाच्या वहीत आवर्जून वाचतो.

मग ग्रामपंचायतीबाहेर एक फळा लावा आणि त्यावर चार रकाने आखा : तारीख, आदल्या दिवशीचा अंदाज जसाच्या तसा, प्रत्यक्ष मोजलेला पाऊस, आणि शेरा. शेऱ्यात ‘अंदाज बरोबर’ किंवा ‘अंदाज चुकला’ हे शिक्षकांनी ठरवू नये. सातवी-आठवीच्या मुलांनी वर्गात चर्चा करून ठरवावे, आणि त्याचा नियम हंगामाआधीच लिहून ठेवावा. पावसाळाभर हा फळा चालवला की दोन गोष्टी उघड होतात. अंदाज लोकांना वाटतो त्यापेक्षा बऱ्याचदा बरोबर येतो, पण आपल्याला आठवतात ते चुकलेले दिवस. आणि काही प्रकारच्या पावसाचा, विशेषतः वळवाचा, नेमक्या गावापुरता अंदाज देणे आजही कठीण आहे. दुसरी गोष्टही पहिल्याइतक्याच ठळकपणे फळ्यावर यायला हवी.

पाचवी पायरी : शाळेत ‘आपल्याला हे कसे कळले’ हे शिकवा

विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखीची प्रतिकृती मांडण्यापेक्षा कांद्याच्या उळ्याची, म्हणजे बियाण्याची उगवण तपासणे कितीतरी मोलाचे आहे. कांद्याचे बी लवकर जुने होते आणि घरचे राखलेले उळे उगवेल की नाही, ही इथल्या घरोघरची चिंता असते. प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ७० टक्के अपेक्षित असते. मुलांनी घरून आणलेल्या प्रत्येक उळ्याचे शंभर-शंभर बियांचे चार गट करावेत, ओल्या टीप कागदात ठेवावेत आणि बाराव्या दिवशी अंकुर मोजावेत.

ज्या पाकिटात कोणाचे बी आहे ते मोजणाऱ्याला कळता कामा नये. पाकिटांवर फक्त क्रमांक टाका आणि यादी मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. आपल्या घरचे बी मोजताना अर्धवट अंकुरही ‘उगवला’ असा धरला जातो, आणि ही लबाडी नसून माणसाच्या नजरेचा गुण आहे, हे मुलांना स्वतःच्या मोजणीतून कळते. दुसरी शिकवण अशी की एकाच बियाच्या चार गटांतही ७६, ८१, ७९, ८४ असा फरक येऊ शकतो. म्हणून दोन बियाण्यांत तीन-चारचा फरक दिसला तर लगेच एकाला चांगले म्हणायचे नाही. एवढे समजलेले मूल पुढे ‘आमच्या औषधाने गुण आला’ अशी जाहिरात वाचताना कशाशी तुलना केली, हे विचारते.

वरच्या वर्गांसाठी डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली केलेली फलज्योतिषाची चाचणी घ्या. २०२१ साली नाशिकला झालेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, त्यामुळे इथल्या मुलांना नाव परके नाही. त्या चाचणीत हुशार आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या अशा दोन गटांतील मुलांच्या २०० कुंडल्यांतून प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के निघाले. नुसते नाणे उडवले तरी पन्नासच्या आसपास येते. वर्गात याचा उपयोग कुणाच्या आईवडिलांना हिणवण्यासाठी होऊ देऊ नका. चाचणीची रचना मुलांकडून तपासून घ्या : अशी चाचणी आपण आणखी चोख कशी केली असती, हा प्रश्न निकालापेक्षा अधिक शिकवतो.

सहावी पायरी : चुकले तेव्हा काय झाले, तेही सांगा

२०१०च्या हंगामात युरोपने भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अवशेष सापडल्याने माल अडवला. बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात ते हे रसायन आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हते. प्रमाणपत्र हातात असूनही लोकांचे नुकसान झाले. ही घटना टाळून ‘प्रयोगशाळेवर विश्वास ठेवा’ असे निफाडमध्ये सांगणाऱ्याचे कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. ती घटना सांगा, त्यानंतर तपासणी कशी वाढवावी लागली ते सांगा, आणि जे यादीत नाही ते तपासणीत सापडत नाही हेही सांगा. करोनाकाळात मास्कविषयीचा सल्ला बदलला, तो का बदलला, हेही असेच मोकळेपणी बोलावे लागते. सल्ला बदलला याचा अर्थ सांगणारे खोटे होते असा न होता पुरावा वाढला असा होऊ शकतो. पण पहिल्याच दिवशी ‘आज जे माहीत आहे त्यावरून’ हे शब्द वापरले असतील, तरच हे पटते.

पैशाचाही खुलासा असाच आधी करावा. मेळाव्याचा खर्च एखाद्या औषध किंवा खत कंपनीने केला असेल तर ते पहिल्या वाक्यात सांगा.

सातवी पायरी : अफवेच्या आधी पोचा

अफवा पसरल्यावर तिचे खंडन करणे महाग पडते. खंडन करावेच लागले तर आधी खरी गोष्ट लिहा, मग अफवेत काय चुकले ते एका वाक्यात सांगा आणि पुन्हा खऱ्या गोष्टीवर या. अफवेचे वाक्य मथळ्यात घेऊ नका, कारण पुढे पाठवणारे मथळाच पाठवतात. घरच्या व्हॉट्सॲप गटात वडीलधाऱ्यांना सर्वांसमोर खोडून काढण्याऐवजी काकांना फोन करावा. दुरुस्ती त्यांनी स्वतः टाकली तर ती अधिक लोक मानतात.

आधी पोचण्याची एक मोठी संधी समोर आहे. जाहीर वेळापत्रकानुसार नाशिक-त्र्यंबकेश्वर सिंहस्थातले पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी आहे, आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण आहे. इजिप्तमधील लक्सरजवळ ते सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास असेल. आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास दिसेल, अर्थात श्रावण-आषाढाच्या ढगांनी मोकळीक दिली तर. लाखो भाविक आणि ग्रहण एकाच दिवशी आल्यावर भीती घालणारे संदेश येतीलच. त्याच्या कित्येक महिने आधी पुरोहित, आशाताई आणि शिक्षक यांच्याशी बोलायला हवे. पंचांगातली ग्रहणाची वेळ गणितानेच काढलेली असते, हा दोन्ही बाजूंना मान्य असलेला मुद्दा आहे. बोलणे तिथून सुरू करा. गर्भवतीने ग्रहणात कापले-चिरले तर बाळाला व्यंग येते याला आधार नाही, आणि दिवसभर उपाशी-तहानलेले राहण्याने मात्र तिला त्रास होतो, हे आशाताईंनी घरी जाऊन सांगावे. त्याच वेळी खरा धोका ठणकावून सांगावा : प्रमाणित चष्म्याशिवाय सूर्याकडे पाहू नये, काळी काच, एक्स-रेची फिल्म किंवा पाण्यातले प्रतिबिंब सुरक्षित नाही. पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून जमिनीवर पडलेली सूर्याची प्रतिमा पाहणे सर्वांत सोपे आहे. हा कार्यक्रम घाटावरच्या गर्दीत करू नका. शाळेचे मैदान आणि घराची गच्ची पुरेशी आहे.

आठवी पायरी : परिणाम मोजा

टाळ्या, हार आणि वर्तमानपत्रातला फोटो यांवरून काही कळत नाही. सुरुवातीला ज्या पंधरा-वीस जणांना तीन प्रश्न विचारले होते, त्यांनाच तीन महिन्यांनी भेटा. पाणी तपासायला किती जण आपणहून बाटली घेऊन आले, फळ्यावरच्या शेऱ्याला किती जणांनी हरकत घेतली, किती जणांनी न सांगता उळे मोजले, याची नोंद ठेवा. हरकत घेणारे वाढले तर ते काम पुढे सरकल्याचे लक्षण समजा.

शेवटी एक उलटी चाचणीही घ्या. ‘नासाने सिद्ध केलेले’ असे लिहिलेली एखादी खोटी, पण निरुपद्रवी जाहिरात तयार करून गटाला दाखवा, त्यांचे मत घ्या आणि ती खोटी होती हे त्याच बैठकीत सांगा. विज्ञानाचे नाव पाहून सगळ्यांनी मान डोलावली, तर आपण विश्वास वाढवला पण पारख वाढवली नाही. मग पाचव्या पायरीवर परत जाऊन पुढच्या हंगामाच्या उळ्यापासून पुन्हा सुरुवात करावी, आणि हा निकालही ग्रामपंचायतीबाहेरच्या त्याच फळ्यावर लिहावा.